रेघेचं शेपूट

रेघ अकरा मिलिमीटर लांब होती. बोल्टच्या डोक्यावरून निघून ती हँडलच्या मानेवर उतरत होती आणि शेवटाला केसाएवढी बारीक होत किंचित वर वळत होती. मी चष्मा कपाळावर सरकवला, अगदी जवळून पाहिलं, नखाने चाचपलं. लाल रंगाला कुठेही तडा नव्हता.

त्या रेघेखेरीज सायकलीचं बाकी काही धड नव्हतं. पुढचं चाक भाकरी दुमडावी तसं दुमडलं होतं. हँडल चाकाच्या रेषेपासून चाळीस अंशांनी फिरलं होतं. उजव्या मुठीवर रक्त वाळलं होतं.

"बघितलीस?" आप्पा म्हणाले. "रेघ जागच्या जागी. बोल्ट तसूभर हललेला नाही."

"हो," मी म्हणाले.

"म्हणजे हँडल पडल्यावर फिरलं. कठड्यावर आपटल्यावर दुसरं काय होणार? पोरीनं पुढचा ब्रेक दाबला असणार. नवीन माणूस घाटात हेच करतंय." ते दाराकडे वळले. "काय मास्तर, खरं की नाही?"

दारात शिकलगार गुरुजी उभे होते. सायकल टेम्पोत घालून त्यांनीच आणली होती. त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर रक्ताचा डाग होता, तो त्यांचा नव्हता. त्यांनी एकदा रेघेकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

या गोष्टीला आता एकोणीस वर्षं झाली.

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ आमचं दुकान होतं, निकम सायकल मार्ट. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. आई गेल्यापासून त्या घरात आप्पा आणि मी दोघंच राहत होतो. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे आणि संध्याकाळी दुकानात बसायचे.

दुकानाबाहेर एक काळा फळा टांगलेला असे. दर शनिवारी संध्याकाळी आप्पा सांगायचे आणि मी खडूने लिहायचे. गिअरच्या नवीन सायकली आल्या, टायरवर सूट, उद्याची सायकल-मंडळी यवतेश्वरच्या घाटाला, पहाटे साडेपाचला निघणार, भोसलेवकील परवा पहिल्यांदा न उतरता घाट चढले, त्यांचं अभिनंदन, पेढे त्यांच्याकडून. ज्यांच्याकडे सायकल नव्हती तेही येता-जाता थांबून फळा वाचत. तळाची एक ओळ मात्र मी कधी पुसायचे नाही, ती आप्पांनी ऑइलपेंटने लिहून घेतली होती. 'रेघ तुटली, तर काम फुकट.'

बोल्ट आवळून झाला, की आप्पा त्यावर नेलपॉलिशची लाल रेघ ओढायचे, अर्धी बोल्टवर आणि अर्धी शेजारच्या लोखंडावर. बोल्ट जरासा फिरला तरी रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकतात आणि गिऱ्हाइकाला घरबसल्या कळतं. नेलपॉलिश शेवंताबाई कासारणीकडून यायचं. "आप्पा, लेकीला नेताय का स्वतःला?" असं ती दर वेळी विचारायची आणि आप्पा दर वेळी तेवढ्याच गंभीरपणे सांगायचे, "सायकलीला. तिचं लग्न ठरलंय."

बोल्ट किती आवळायचा, हे आप्पांना कधी मोजावं लागलं नाही. "हाताला लागतं," ते म्हणायचे. "हाताला लागलं की थांबायचं. त्याच्यापुढं गेलं तर आटे जातात, अलीकडं थांबलं तर माणूस जातं." चाळीस वर्षांत त्यांच्या हाताने कुणी गेलं नव्हतं.

त्या अपघाताच्या दीड वर्ष आधी, एका सकाळी आप्पांचा उजवा हात तासभर बधिर झाला होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. हात परत आला, असं आम्ही सगळ्यांना सांगितलं. पाच-सहा महिन्यांनी मी माझी सायकल घेऊन नाक्यावर वळत होते. हँडल वळलं आणि चाक किंचित मागे राहिलं. मी खाली उतरले. पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरलं आणि हँडल पिळून पाहिलं. ते फिरलं. वरची रेघ शाबूत होती. ती आप्पांनी आदल्याच दिवशी ओढली होती.

मी पुण्याहून एक टॉर्क पाना मागवला. बोल्टवर किती जोर लागला ते हा पाना काट्यावर दाखवतो. तो मी माझ्या कपाटात, साड्यांच्या मागे ठेवला.

रविवारी जाणारे लोक सायकली शनिवारीच दुकानात आणून ठेवत. आप्पा एकेक तपासून, आवळून, रेघ ओढून भिंतीला लावत आणि साडेसहाला मारुतीला तेल घालायला जात. जाऊन यायला अर्धा तास लागे. त्या अर्ध्या तासात मी टॉर्क पाना काढायचे. हँडलच्या त्या बोल्टला वीस न्यूटन-मीटर जोर लागतो. जानेवारीत मला चौदा मिळाले, एप्रिलमध्ये बारा, जूनमध्ये अकरा. मी अ‍ॅसिटोनच्या बोळ्याने रेघ पुसायचे, बोल्ट वीसपर्यंत आवळायचे, नवी रेघ ओढायचे आणि फुंकर घालून वाळवायचे. आप्पा कपाळाला शेंदूर लावून परत येत आणि भिंतीला ओळीने लावलेल्या सायकलींवरून नजर फिरवत. "झकास," म्हणत.

त्यांचा हात खोटं बोलत नव्हता. पूर्वी जेवढा थकल्यावर थांबायचा तेवढाच थकून आताही थांबत होता. फक्त आता तो लवकर थकत होता, आणि ते त्या हाताला कळायला मार्ग नव्हता.

हे त्यांना सांगायला हवं होतं. मी ते पुढे ढकलत होते आणि ढकलायची माझी रीत माझ्या विषयाला शोभणारी होती. आणखी थोडी वाचनं घेऊ, असं मी स्वतःला सांगायचे. कल पक्का होऊ दे. माझ्या वहीत शंभरावर वाचनं झाली होती आणि कल पहिल्या वीसांतच पक्का झाला होता.

हेमांगी आली त्या शनिवारी मी बाहेर फळा लिहीत होते. सात वाजायला आले होते. भिंतीकडच्या सगळ्या सायकली माझ्या हातून होऊन गेल्या होत्या, आणि आप्पा नुकतेच देवळातून परतले होते.

"मोफत तपासणी लिहिलंय ते खरं आहे ना?" मागून कुणीतरी विचारलं.

तिशीतली बाई होती. सायकल नवी नव्हती, पण पुसून लख्ख केलेली होती.

"आमच्या फळ्यावर खोटं लिहीत नाहीत," आप्पा आतूनच म्हणाले. "अक्षर प्रोफेसरीणबाईंचं आहे. ये आत."

ती हसली. "मी हेमांगी साबळे. प्राथमिक शाळेत आहे, चौथीला. रोज येता-जाता तुमचा फळा वाचते, ताई. तुमचा 'ळ' इतका सुरेख असतो, की मी पोरांना सांगते, नाक्यावर जाऊन बघून या."

"आणि येतात का पोरं?"

"येतात. आणि 'ळ' सोडून टायरची सूट सांगत बसतात."

आप्पा खूष झाले. तिची सायकल त्यांनी उलटी केली, चाकं फिरवली, ब्रेक पाहिले, चेनला तेल दिलं. "घाट चढलीयस का कधी?"

"नाही. म्हणून तर एवढे दिवस येत नव्हते. आमच्या घरात म्हणतात, बाईमाणसानं कशाला घाटात मरायला जायचं."

"मरत कुणी नाही. धापा टाकतात आणि वर जाऊन भजी खातात. मास्तर असतो शेवटाला, कुणाला मागं सोडत नाही." आप्पांनी सायकल सरळ केली आणि तेरा नंबरचा पाना हँडलच्या बोल्टला लावला.

मी खडू हातात धरून पाहत राहिले. त्यांचा खांदा पुढे झुकला, कोपर ताणला, आणि जिथे थांबायला नको तिथे हात थांबला. मग त्यांनी नेलपॉलिशची बाटली उघडली, एका दमात रेघ ओढली आणि शेवटी ब्रश झटकन वर उचलला.

"झालं. ही रेघ म्हणजे माझा शब्द," ते म्हणाले.

"सायकल आज इथंच ठेवून जा की," मी म्हणाले. "सकाळी सगळे इथूनच निघतात."

"नको ताई, मी समर्थ मंदिराजवळच राहते. मंडळी तिथूनच घाटाला लागणार ना? मी चौकातच उभी राहीन."

यावर मी काय म्हणायचं? आत्ताच्या आत्ता हा बोल्ट मला पुन्हा आवळू दे, असं म्हणायचं होतं. आप्पा शेजारी उभे राहून कापडाला हात पुसत होते. मी फळ्याकडे वळले आणि उद्याच्या यादीत तिचं नाव लिहिलं. ती सायकलवर बसून निघून गेली. सपाट रस्त्यावर तेवढा बोल्ट पुरतो.

मी पाचचा गजर लावला होता. पाना पिशवीत घातला, चपला पायात सरकवल्या आणि दुकानाचं फळीचं दार उघडलं. समर्थ मंदिरापर्यंत रिक्षाने दहा मिनिटं लागली असती.

"कुठं निघालीस?" आप्पा मागे उभे होते. अंगात बंडी, हातात पाण्याचा तांब्या. त्यांची नजर पिशवीतून बाहेर आलेल्या पान्याच्या दांडीवर होती. "आणि हे काय?"

त्या वेळी मी खरं सांगू शकले असते. उत्तर पाच शब्दांचं होतं. आप्पा, तिचा बोल्ट सैल आहे.

"काही नाही," मी म्हणाले. "कॉलेजचा आहे. प्रयोगशाळेत न्यायचा होता."

"रविवारी?"

"विसरले रविवार आहे ते."

"प्राध्यापक," ते म्हणाले आणि हसून आत गेले. मी पिशवी खुंटीला अडकवली. गुरुजी आहेत, मी मनात म्हणाले. घाटात ते शेवटाला असतात. ते बघतील. काय बघतील, याचा मी विचार केला नाही.

पावणेआठला ती पडली. चढताना काही झालं नव्हतं. वर जाऊन तिने भजी खाल्ली, दरीच्या काठाशी बराच वेळ उभी राहिली, आणि उतरताना वरून दुसऱ्या वळणावर तिने हँडल वळवलं तेव्हा चाक वळलं नाही. ते सरळ कठड्यावर गेलं.

दुपारी मी हॉस्पिटलात गेले. तिला शस्त्रक्रियेसाठी नेलं होतं. तिचा नवरा आणि सासू आत बसले होते. बाहेर व्हरांड्यात बाकावर गुरुजी एकटेच होते. ते चाळीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेले, आप्पांचे लहानपणापासूनचे मित्र. मला ते कधी नावाने हाक मारत नसत.

"बस पोरी," ते म्हणाले.

मी बसले. बराच वेळ समोरून माणसं जात-येत राहिली.

"कोपराचा चुरा झालाय. जबडाही मोडलाय. जिवाला धोका नाही, म्हणतात."

"गुरुजी, तो बोल्ट..."

"माहीत आहे मला."

त्यांनी शर्टाच्या खिशातून एक छोटी बाटली काढली आणि आमच्या दोघांच्या मध्ये बाकावर ठेवली. लाल नेलपॉलिश होतं, तेच, शेवंताबाईच्या दुकानातलं. आतला रंग तळाशी आळून गेला होता.

"गेल्या वर्षी पावसाळ्याच्या आधी माझंच हँडल फिरलं," ते म्हणाले. "बोंबलत गेलो असतो तुझ्या बापाकडे, यशवंताकडे. पण त्याचा हात गेलाय हे त्याला मी कुठल्या तोंडानं सांगू? या हातानं त्यानं मला पहिली सायकल जोडून दिली. मग मी एक युक्ती काढली. घाटाच्या तोंडाशी चहाची टपरी आहे ना, तिथं सगळ्यांना चहाला थांबवायचं. ते चहा पीत असताना मी सगळ्यांचे बोल्ट आवळायचो, जुनी रेघ ब्लेडनं खरवडून नवी ओढायचो. कुणी विचारलं, की म्हणायचं, मास्तरची खोड आहे, पेपर दोनदा तपासतो. सासष्टाव्या वर्षी मी खिशात नेलपॉलिश घेऊन फिरत होतो. बायकोला सापडलं तेव्हा काय महाभारत झालं असेल, विचार कर."

मला हसू आलं आणि लगेच थांबलं.

"मग गेल्या हिवाळ्यात एका रविवारी बघितलं, तर सगळे बोल्ट घट्ट. पुढच्या रविवारीही तेच. मला वाटलं, हात सुधारला याचा. मग नीट निरखून पाहिलं. यशवंत रेघ ओढून झाल्यावर ब्रश झटकतो, म्हणून त्याच्या रेघेला शेपूट असतं. या रेघा शेवटाला बोथट होत्या. जिथं थांबायचं तिथंच थांबलेल्या. म्हटलं, हे लेकीचं काम. चला, सुटलो. तेव्हापासून मी बोल्ट आवळणं सोडलं, टपरीवर नुसत्या रेघा बघायचो. बोथट रेघ दिसली की चहा प्यायला मोकळा."

"आणि आज?" मी विचारलं.

"आज तिच्या रेघेला शेपूट होतं." त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला. "मी पाहिलं, पोरी. टपरीवर स्वच्छ पाहिलं. क्षणभर थांबलोसुद्धा. आणि मनात काय आलं, सांगू? म्हटलं, वा, आता शेपूटही काढायला शिकली."

त्यांनी बाटली उचलून परत खिशात घातली.

आठवडाभर सायकल दुकानात तशीच भिंतीला टेकून होती. आप्पांनी नवी रिम मागवली होती. "तिच्याकडनं काही घ्यायचं नाही," त्यांनी बजावून ठेवलं होतं. रोज सकाळी ते सायकलीपाशी जायचे आणि रेघ पाहून यायचे. ती पाहिली की त्यांना बरं वाटायचं. तेवढं बरं वाटणं मी त्यांच्यापासून काढून घेऊ शकत नव्हते, निदान तेव्हा तरी.

हेमांगीचा उजवा कोपर आजही एकशे दहा अंशांच्या पुढे सरळ होत नाही. पुढे एकदा तिच्या शाळेत बक्षीस समारंभाला गेले होते, तेव्हा चौथीच्या वर्गात डोकावले. फळ्याचा वरचा अर्धा भाग कोरा होता. तिचा हात तिथवर पोचत नाही. सुविचार, तारीख, पटसंख्या, सगळं तिने फळ्याच्या मध्यावर आणून ठेवलं होतं, आणि पोरांना फळा असाच असतो असं वाटत होतं.

पण मी सांगतेय ती त्या अपघातानंतरच्या शनिवारची गोष्ट. नवरात्र सुरू होतं, खंडेनवमी तीन दिवसांवर आली होती. आमच्या दुकानात खंडेनवमीला सगळी हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडली जात. त्यांना हळदकुंकू, झेंडूची फुलं वाहायची आणि त्या दिवशी कशाला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, आप्पा सगळ्यांत आधी तेरा नंबरचा पाना उचलत आणि मगच दुकान उघडत. त्यांच्या आधी तो पाना कुणी उचलायचा नाही, हा नेम होता.

संध्याकाळी साडेपाचला मी फळा पुसून तयार होते. आप्पा उंबऱ्यावर खुर्ची टाकून बसले. गुरुजी समोरच्या बाकावर होते. त्या आठवड्यात ते रोज येऊन बसायचे.

"लिही," आप्पा म्हणाले. "दसऱ्यानिमित्त सर्व टायरवर दहा टक्के सूट."

मी लिहिलं.

"खंडेनवमीला दुकानात पूजा. प्रसादाला सर्वांनी यावे."

मी लिहिलं.

"आता हे जरा मोठ्या अक्षरात लिही. गेल्या रविवारी घाटात अपघात झाला. नवीन सायकलस्वारांनी उतारावर वेग आवरावा. पुढचा ब्रेक एकदम दाबू नये. अपघात सायकलीमुळे झालेला नाही, रेघ शाबूत होती."

माझा हात 'नवीन' या शब्दावर थांबला.

त्याच वेळी रिक्षा येऊन थांबली. हेमांगी नवऱ्याच्या आधाराने उतरली. उजवा हात प्लास्टरमध्ये गळ्यात बांधलेला, जबडा तारेने जखडलेला. डॉक्टरांनी तिला घरी सोडलं होतं आणि घरी जाताना तिने रिक्षा नाक्यावर थांबवायला लावली होती. आप्पा खुर्चीतून उठले.

"अगं, कशाला आलीस? बस, बस. मास्तर, सरक."

ती बसली नाही. दात मिटलेल्या तोंडातून शब्द नीट फुटत नव्हते, पण ती हट्टाने बोलत होती. "तुम्हाला सांगायला आले, आप्पा. यांच्या घरचे म्हणतायत, दुकानदाराला जाब विचारा. मी सांगितलं, दुकानाचं काही चुकलं नाही. रेघ होती तशीच आहे. माझंच चुकलं असणार. मला घाट येत नाही." ती माझ्याकडे वळली. "लिहा ताई, तुम्ही जे लिहिताय ते. बाकीच्यांना उपयोग होईल."

तिने फळा वाचला होता. 'नवीन' या शब्दापर्यंत.

मी खडू खाली ठेवला. आत गेले आणि तिची सायकल भिंतीपासून उचलून उंबऱ्याशी आणली. तिचं दुमडलेलं पुढचं चाक दोन गुडघ्यांत घट्ट धरलं.

"आप्पा, इकडे या. हँडल फिरवा."

"कशाला?"

"फिरवा म्हणते ना. उजव्या हाताने. एकाच हाताने."

ते आले. माझ्या आवाजात काहीतरी असावं, त्यांनी पुढे विचारलं नाही. उजव्या हाताने त्यांनी हँडलची मूठ धरली आणि ओढली. एक बारीक करकर झाली आणि चाळीस अंश वाकडं असलेलं हँडल त्यांच्या त्या हाताने फिरत सरळ येऊन थांबलं.

आप्पांनी रेघेकडे पाहिलं. मी पाहिलं नाही. ती तुटली नसणार, हे मला ठाऊक होतं.

"पण रेघ..." ते म्हणाले.

"बोल्ट फिरला की नाही, तेवढंच रेघ सांगते, आप्पा. तो आधी घट्ट होता की नाही, ते तिला कळत नाही. आणि तुमच्या हाताला कळेनासं झालंय. दीड वर्ष झालं. मी दर शनिवारी तुमच्या मागून सगळे बोल्ट आवळायचे. हिचा राहिला."

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली, कुणीतरी "आप्पा!" म्हणून हात केला. आप्पांनी सवयीने हात वर केला आणि तो तसाच हवेत राहिला.

"मास्तर, तुला माहीत होतं?"

गुरुजींनी खिशातून बाटली काढून खुर्चीवर ठेवली. आप्पांनी ती उचलली, उजेडात धरली, हलवून पाहिली. झाकण उघडायचा प्रयत्न केला. वाळलेल्या रंगाने ते घट्ट बसलं होतं. त्यांनी एकदा जोर लावला, पुन्हा लावला. मग बाटली त्यांनी हळूच परत ठेवली.

हेमांगी माझ्याकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांत राग येईल, याची मी आठवडाभर तयारी केली होती. राग नंतर आला, आणि तो रास्तच होता. त्या क्षणी मात्र ती एवढंच म्हणाली, "म्हणजे मी वळवलं होतं."

"तू बरोबर वळवलं होतंस," मी म्हणाले. "तुझं काही चुकलं नाही."

आप्पा उंबऱ्यावर बसले. खुर्ची शेजारीच होती, तरी खाली उंबऱ्यावर. बराच वेळ ते स्वतःचा उजवा तळवा पाहत होते, अनोळखी माणसाने हातात काही आणून द्यावं तसा. मग त्यांनी फळ्याकडे मान केली, आणि ज्या सुरात ते चाळीस वर्षं मजकूर सांगत आले होते त्याच सुरात म्हणाले, "ते पूस. आणि लिही. मोफत तपासणी पूर्वीप्रमाणेच सुरू राहील. आप्पा स्वतः..."

"नाही, आप्पा."

ते थांबले.

वर्षभर हे वाक्य मी वेगवेगळ्या शब्दांत जुळवत आले होते, आणि त्यातला एकही शब्द आता आठवेना. समोर अर्धवट लिहिलेला फळा होता, खंडेनवमीची ओळ होती. त्यांना मान वर करून माझ्याकडे पाहावं लागू नये, म्हणून मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"नवमीला तेरा नंबरचा पाना तुमच्याच हाताने पूजेला ठेवा," मी म्हणाले. "दसऱ्याला तो तुम्ही उचलायचा नाही. मी उचलेन."